पिशवी अजून भरलेलीच

वडील गावाहून, केमहून आले ते एका डोळ्यात मोतीबिंदू आणि बाजाराच्या पिशवीत कोंबडी घेऊन. सोलापूर स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेले होते. गाडीतून उतरणाऱ्या माणसांत आधी मला ती पिशवी दिसली, मग पिशवीतून बाहेर आलेली तांबडी मान, आणि तिच्यामागे हसत येणारे वडील. डोळ्याचं ऑपरेशन करायला माणूस येतो तेव्हा टॉवेल आणतो, डॉक्टरांचे कागद आणतो. कोंबडी कोण आणतं?

"बाकीच्या शेजारी दिल्या," ते म्हणाले. "पर ही दुसऱ्याच्या हातचं खात न्हाय. उपाशी मरंल की."

मी कपाळाला हात लावला. मला काळजी कोंबडीची नव्हती, आमच्या फरशीची होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराला मागे छोटंसं परसदार आहे, शहाबादी फरशीचं, कोपऱ्यात एक शेवगा. त्या फरशीत माझ्या नवऱ्याचा जीव अडकलेला. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर फायली सरळ करून त्याचं समाधान होत नाही, घरी येऊन तो फरशी घासतो. कोंबडी पाहून तो म्हणाला, "या मामा, या." पाया पडला. मग पिशवीकडे बघत म्हणाला, "हिला बांधून ठेवायची असते का?"

"सोडायची असती, पावनं," वडील म्हणाले, आणि त्यांनी ती सोडली. तिने फरशीवर पहिल्या मिनिटातच आपली सही केली. नवरा बादली आणायला गेला. पुढे रोज तिच्यामागे बादली आणि खराटा घेऊन फिरणं हा त्याचा उद्योग झाला. कोंबडीला तो नाकाला रुमाल लावून "ए, तिकडे" एवढंच म्हणायचा.

आई गेल्यापासून वडील केमला एकटेच. मी एकुलती एक. सकाळी एक भाकरी थापायची आणि तीच रात्रीपर्यंत पुरवायची, असा त्यांचा कारभार. फोनवर कधीही विचारा, "झ्याक हाय" हेच उत्तर. त्यांनी आमच्याकडेच राहावं असं मला फार वाटायचं. आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, तिची खोली रिकामी. पण मी विषय काढला की वडील चप्पल शोधायला लागत. लेकीच्या घरी कशाकशासाठी राहायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाळंतपणाला चालतं, आजारपणाला चालतं, ऑपरेशनला तर चालतंच. काम झालं की उठायचं. नाहीतर गाव म्हणणार, लेकीच्या दारात जाऊन बसला. "आता हे कोण पाळतं आबा?" असं म्हणून मी भांडले, रुसले, एकदा तर मळलेलं पीठ तसंच टाकून उठले. ते शांतपणे हसायचे आणि पावसाबद्दल बोलायला लागायचे.

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी असेपर्यंत नवरा त्यांना संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून पेपर वाचून दाखवायचा. सगळा पेपर. निविदा सूचनासुद्धा. वडील मन लावून ऐकायचे, मध्येच "आसं व्हय?" म्हणायचे. लग्न झाल्यापासून नवरा पेपरमधलं काहीतरी वाचून दाखवायला माणूस शोधत होता आणि मी कधीच ऐकत नव्हते. पट्टी निघाली, वडिलांना दिसायला लागलं, तरी वाचन चालूच राहिलं.

मग डोळ्यात घालायचे थेंब संपले. वडिलांनी खुंटीवरची पिशवी काढून झटकली आणि मला समजलं, आता जाणार. मी भांडी जोरजोरात घासली.

आणि नेमकी तेव्हाच कोंबडी आजारी पडली.

सकाळी ती शेवग्याखाली पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. मध्येच मान लांब करायची, वाकडी करायची, घशात काही अडकल्यासारखी. दाणे टाकले तर नुसते बघितले. वडील खाली बसले, तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या गळ्याखाली, छातीच्या थोडं उजव्या अंगाला बोटं फिरवली.

"हितं हात लाव," ते मला म्हणाले.

मी लावला. पिसांखाली लिंबाएवढी कडक गाठ.

"ही तिची पिशवी. खाल्लेलं आदी हितं साटतं, मग हळूहळू खाली जातं. सांजच्याला भरल्याली असती, ते बराबर हाय. पर सकाळच्याला उठल्यावर मोकळी लागाय पायजे. ही बग, रातभर तशीच ऱ्हायली. कायतरी अडाकलंय."

मग त्यांनी तिची चोच उघडून वास घेतला. आंबूस वास आला असता आणि पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली असती, तर आत आंबलंय असं समजायचं, तो आजार निराळा. हिला वास नव्हता. कडकच होती. म्हणजे अडकलेलं.

काय अडकलं तेही लवकरच सापडलं. आमच्या गल्लीत शेजारी टॉवेलांच्या कडा शिवायचं काम चालतं. त्या दाराशी रंगीत सुताचे तुकडे पडलेले असतात आणि कोंबडीला ते गांडुळासारखे वाटले असणार. शेजारच्या अक्का घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्या धावत आल्या, कोंबडीकडे बघून "अय्यो" म्हणाल्या आणि त्या दिवसापासून आपला उंबरा एवढा झाडायला लागल्या की माझा नवरासुद्धा खूश झाला.

आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पिशवी चाचपली आणि म्हणाले, गाठ अजून लहान आहे, सरकेल. दाणे बंद, पाणी चालू. गोड्या तेलाचे थोडे थेंब चोचीच्या कडेने, घाई न करता. मग बोटांनी हलक्या हाताने चोळायचं. नाहीच हललं तर चीर देऊन काढू. वडिलांनी मान डोलावली. आईच्या कोंबड्यांना तेही तेलच द्यायचे.

घरी आल्यावर नवरा मोबाइल घेऊन बसला. थोड्या वेळाने उत्साहाने बाहेर आला. "मामा, यात दाखवलंय, कोंबडीला उलटी धरून दाबायची म्हणजे सगळं तोंडातून बाहेर येतं."

"आसं करू नगा, पावनं," वडील घाईने म्हणाले. "पिशवीतलं पानी तिच्या श्वासात गेलं तर जाग्यावर मरंल ती."

नवऱ्याने मोबाइल खिशात घातला आणि तेलाची वाटी धरायचं काम पत्करलं. वडील चोळायचे, तो वाटी धरायचा, मी पाणी द्यायचे. एका कोंबडीभोवती तीन माणसं गुडघे दुमडून बसलेली. हळूहळू ती गाठ मळलेल्या पिठासारखी मऊ झाली, मग बारीक झाली, आणि एका रविवारी दुपारी फरशीवर घाण पडली, तिच्यात लाल-हिरव्या सुताचा गुंता.

"मामा! सूत पडलं!" नवरा ओरडला. आपल्या फरशीवरची घाण बघून त्या माणसाला एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

कोंबडी हिंडायला लागली. वडील म्हणाले, "आता सकाळच्याला पिशवी मोकळी लागली की निगायचं. कच्च्या जनावराला परवासात न्यायचं न्हाय."

माझं तोंड उतरलं. कोंबडी बरी व्हावी म्हणून एवढं चोळलं, आणि बरी झाली की वडील जाणार. देवाकडे मागायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून वडील मागे आले, कोंबडीच्या गळ्याखाली बोटं लावली. नवरा तोंडात ब्रश धरून उभा. "न्हाय. भरल्यालीच हाय अजून," वडील म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आणि त्याच्याही पुढे. दिवसभर ही बया परसभर उड्या मारायची, मांजरीच्या अंगावर धावून जायची, आणि सकाळी बघावं तर पिशवी भरलेली. वडील थांबले म्हणून मला आनंद, आणि तिचं परत अडकलं की काय म्हणून धास्ती. शेवटी न राहवून मी शिकवते त्या शाळेतून येताना एकटीच दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं.

"खाते, पळते, शी नीट करते? मग रात्रभरात रिकामी व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. "पहाटे कोणी खायला घालत नाही ना?"

"छे! कोण घालणार?" मी म्हणाले. रस्त्यात दोनदा थांबले. कोण घालणार, खरंच?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठले. शेजारचं अंथरूण रिकामं. मागच्या दाराची कडी निघालेली. मी अलगद डोकावले तर माझा नवरा रात्री कोंबडीवर पालथी घालतो त्या पाटीसमोर उकिडवा बसलेला. पाटी उचलून बाजूला ठेवलेली. नाकाला रुमाल नाही. ओंजळीत ज्वारी, आणि कोंबडी टकटक त्याच्या हातातून दाणे टिपतेय. तो कुजबुजत होता, "खा बाई, पटपट खा. मामा उठतील."

"अहो!" मी म्हणाले. तो एवढा दचकला की ज्वारी फरशीवर सांडली.

मी रागावलेच. म्हातारा माणूस रोज काळजीने हात लावून बघतोय, मी दवाखान्यात जाऊन हसं करून घेतेय, आणि तुम्ही इथे हे धंदे करताय? तो सांडलेले दाणे एकेक गोळा करत खाली बघून ऐकत राहिला.

"राहा म्हटलं असतं तर राहिले असते का?" तो म्हणाला. "तू म्हणून बघितलंस की. मी तर जावई. मी कोणत्या तोंडानं म्हणणार?" मग म्हणाला, "माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. संध्याकाळी घरी आलं की 'आलासा का' म्हणणारं कुणी नव्हतं. आता मामा म्हणतात."

"मी म्हणते की!"

"तू 'किती उशीर' म्हणतेस."

 माझा राग तिथेच फरशीवर सांडला. कोंबडी मधल्या वेळात उरलेले दाणे खाऊन मोकळी झाली होती. वीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला तेव्हा जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही. चहा ठेवायला आत गेले.

पण दिवसभर मन खात होतं. वडिलांना फसवणं मला जमेना. नवरा ऑफिसातून यायच्या आत सांगून टाकावं असं ठरवून मी मागे गेले. ते पायरीवर बसले होते, कोंबडी त्यांच्या पायाशी.

"आबा, एक सांगायचंय. हिची पिशवी..."

"जवारीनं भरल्याली असती," ते म्हणाले.

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"आगं, अडाकल्याली पिशवी आन् आत्ता खाल्ल्याली पिशवी बोटाला येगळी लागत न्हाय व्हय? दाना न् दाना लागतो हाताला. पयल्याच दिशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

ते कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "काय बोलू? ही माज्याबिगर कुनाच्या हातचं खात नव्हती. आता पावन्यांच्या हातचं खाती. आन् पावनं इतक्या पाटंचं उटून घालत्यात." मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "तितं घरात सांजच्याला लई सुनं वाटतं गं. पर काय म्हनून ऱ्हाऊ हितं? गावाकडनं फोन येतो, कवा येताय. मी सांगतो, कोंबडीला बरं न्हाय. कुनी पुढं काय इचारत न्हाय."

माझे डोळे भरून आले. आजवर "झ्याक हाय"च्या पलीकडे त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला.

"त्यास्नी सांगू नगंस मला कळलंय ते," ते म्हणाले. "वशाळल्यागत हुईल त्यास्नी. नुसतं म्हन, जवारीत जरा मका घालत जावा. तिला रोज तेच तेच झालंय."

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "उद्यापासून ज्वारीत थोडा मका घाला. आणलाय." त्याने माझ्याकडे चमकून पाहिलं आणि घास गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील अंघोळ करून मागे आले. नवरा तोंडात ब्रश धरून, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा दारात उभा. मी चहाचं भांडं हातात घेऊन त्याच्या मागे. वडिलांनी कोंबडी मांडीवर घेतली, गळ्याखाली बोटं लावली आणि बराच वेळ डोळे मिटून चाचपत राहिले. मी ओठ दाबून हसू आवरलं.

"काय मामा?" नवऱ्याने विचारलं. "आहे का अजून?"

"हाय की. भरल्यालीच हाय." वडिलांनी कोंबडी खाली सोडली आणि खुंटीवरची ती बाजाराची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "ही धुऊन भाजीला घे. आता ऱ्हायलाच पायजे मला."