सोलपटणारी चित्रं

वर्गात तिला सगळे प्लास्टरताई म्हणत, आणि तिला ते मुळीच आवडत नसे.

इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालण्याचं काम ती सोळा वर्षं करत होती. सकाळची पाळी संपवून, दोन घास खाऊन ती संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला यायची. वय एकेचाळीस, बाकीची मुलं विशीतली. वर्गात शिरण्याआधी ती दोनदा हात धुवायची, नखांतला पांढरा चुरा काढायची. इथं तरी आपल्याला नोकरीवरून ओळखू नये, एवढंच तिचं मागणं. पण पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी कळलं आणि नाव चिकटलं. तिच्या चित्रांवर मात्र काही चिकटेना.

शेवटच्या वर्षाला मिश्र माध्यम होतं. एकाच चित्रात रंग, कापड, कागद, वाळू, जे हाताला लागेल ते. हे आपल्याला जमेल असं तिला वाटलं. पहिल्या चित्रात तिनं तैलरंगावर अॅक्रिलिक फासलं. पंधरा दिवसांत ते बटाट्याच्या सालीसारखं सुटून आलं. दुसऱ्यात डिंक आणि वाळू वापरली. चित्र उभं केलं आणि वाळू खाली सांडली. तिसऱ्यात पडद्याच्या चिंध्या, बटणं, तारा लावल्या, तर ओला पुठ्ठा वाकून त्याची होडी झाली.

"हे सगळं का लावलंस?" सरांनी विचारलं.

"मिश्र माध्यम आहे ना सर."

"भंगारवाल्याकडे पण सगळं मिश्रच असतं."

मुलं हसली. बाहेर फिर, बघ, काहीतरी सुचेल, असंही सर म्हणाले. म्हणून तिनं सुट्टीचा अख्खा दिवस गंजलेली शटरं आणि पोपडे आलेल्या भिंतींचे फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर असले फोटो वर्गातल्या निम्म्या मुलांकडे आधीच होते.

त्याच आठवड्यात आई पडली. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर प्लास्टिक अंथरून हिचे प्रयोग चालायचे. सांडलेल्या डिंकाच्या पाण्यावरून आईचा पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. हात बघताक्षणी हिला कळलं, हाड सरकलंय.

तिच्याच इस्पितळात डॉक्टरांनी हाड बसवलं. "प्लास्टर मी घालते," ती म्हणाली.

आधी कापूस, सैलसर, हाडाच्या उंचवट्यावर एक घडी जास्त. मग पट्टी पाण्यात धरायची, बुडबुडे थांबले की हलकेच पिळायची आणि न ओढता गुंडाळत जायची. ओढली तर आतली सूज जाणार कुठे?

आई तिच्या हातांकडे बघत होती. "काही सुचत नाही म्हणून घर डोक्यावर घेतेस. आत्ता तर एकदाही अडली नाहीस."

"हे काम आहे गं. ते वेगळं."

"वेगळं कसं? हात तेच ना?"

तिला भयंकर राग आला. आईला बाकावर बसवून ती जिन्यात जाऊन रडली. आईला पाडल्याचं वाईट वाटत होतंच, पण आईचं बोलणं जास्त झोंबलं होतं.

तरी चार दिवसांनी औषधांच्या दुकानातून ती प्लास्टरच्या पट्ट्या घेऊन आली. चार फुटी हार्डबोर्डवर तिनं कापूस पसरला, त्यावर सैल पट्ट्या टाकल्या आणि प्लास्टर ओलं असतानाच पातळ रंग सोडला. एका कोपऱ्यात रंग आत मुरला आणि कातडीखालच्या मुक्या मारासारखा निळसर होऊन थांबला. तिच्या अंगावर काटा आला. तिथंच थांबायला हवं होतं. पण उरलेला बोर्ड रिकामा दिसत होता. मग तारा आल्या, बटणं आली, सोनेरी रंगही आला. सकाळपर्यंत मधोमध तडा गेला होता.

सरांनी दोन्ही हातांची चौकट करून तो कोपरा तेवढा घेतला. "हे चित्र आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तू मला दाखवायला केलंस."

"चार फुटांत एवढंच, सर? रात्रभर राबलेय मी!" ती वर्गात पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली.

"एवढं तरी आहे. गेल्या वेळी तेही नव्हतं."

बोर्ड त्यांच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. त्याऐवजी तिनं करवत मागून आणली आणि कोपरा कापला. कापताना कडा ढासळल्या, तळहाताएवढा तुकडा उरला. तोच तिनं परीक्षेला दिला. काठावर पास झाली. प्रदर्शनात तो विजेच्या बटणांशेजारी टांगला होता.

"एवढंसं?" आई म्हणाली. "माझ्या हाताच्या मानानं फारच लहान झालं बाई."

तिला हसू आलं, पण घरी पोचेपर्यंत ती पुन्हा चिडलेली होती. कारण तो निळा तिला परत साधत नव्हता. कधी रंग ओघळे, कधी वरच राही. तिनं एका वहीत लिहायला सुरुवात केली: पाणी कोमट की गार, पट्टी किती पिळली, रंग कितव्या मिनिटाला सोडला. आठव्या प्रयत्नात अंगठ्याएवढा डाग नीट उतरला. नवव्यात काहीच नाही, दहाव्यातही नाही.

सध्या अकरावा वाळतोय. ती दर दहा मिनिटांनी उठून बघते, आणि आई आतून ओरडते, "अगं, हात लावू नकोस, ओलं असेल!"