उकडहंडीचं नाक

खाण्याची कुठलीही वस्तू हातात आली की आमचे घरमालक ती आधी नाकाशी नेत. तोंडाचा नंबर नंतर. डोळे अर्धे मिटायचे, भुवया वर जायच्या आणि समोरचा माणूस ताटली धरून ताटकळलाय याची जराही फिकीर न करता ते सावकाश श्वास घ्यायचे. मग निकाल लागायचा. तो बहुतेक वेळा एकच असे.

"हाय बरं. पण ती चव नाय रायली."

तुमच्याही ओळखीत असा एक जण असणार. लग्नाच्या पंगतीत जिलबी खाताखाता तीस वर्षांपूर्वीच्या जिलबीच्या आठवणी काढणारा. आपल्या तोंडचा घास बेचव करण्याची ज्यांना विद्या असते, त्या जातीचा. आमच्या नशिबी तो घरमालक म्हणून आला, एवढाच फरक.

आम्ही नगरकडचे. ह्यांना तारापूरच्या कारखानदारीत नोकरी लागली आणि आम्ही जवळच्या पाम गावात एका वाडीतल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मालक स्वतः बोईसरला एका केमिकल कंपनीत होते. सगळी आळी त्यांना काका म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहिल्याच होळीला मी मोठ्या हौसेने पुरणपोळ्या घेऊन गेले. काकांनी पोळीचा तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "जायफळ जुनं हाय, वैनी."

जायफळ खरंच जुनं होतं. माहेराहून आणलेलं, डब्यात पडून राहिलेलं. पण ते सांगायची गरज होती का? शिवाय पोळी संपवताना त्यांनी पुस्ती जोडली, "तुमी घाटावरचे लोक सगळ्यात शेंगदाण्याचा कूट घालता. हिच्यात नाय घातला, ते बरं केलं."

पुढच्या थंडीत भावाने गावाहून हुरडा आणला. काकांनी चिमूटभर तळहातावर घेतला, वास घेतला आणि विचारलं, "हा गुरांना घालतात ना?" मी त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही.

मी एकटीच होते असंही नाही. पावसाआधी दांडी गावची एक कोळीण सुके बोंबील घेऊन यायची. आळीतल्या बायका पाटीभोवती बसत, भाव करत, घेऊन जात. काका मात्र एकेक बोंबील उचलून हुंगत. हा नीट वाळला नाही, हा दमट जागी ठेवलेला, हा गेल्या खेपेचा. कोळीण बिचारी कमरेवर हात ठेवून उभी. एकदा ती म्हणाली, "काका, तुमाला फुकट दिला तरी तुमी पयला वासच घेशाल." बायका हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी नापास केलेला एक बोंबील तिच्या पाटीत परत टाकला आणि पुढचा उचलला.

वर्षभर हेच. पावसाच्या तोंडाशी शेवळं आली, की रानात आता पूर्वीसारखी शेवळंच उगवत नाहीत. भादव्यात हळदीच्या पानांत उकडलेली पानमोडी झाली, की काकडीला ते पाणी राहिलं नाही. उन्हाळ्यात ताडगोळे आले, की ताडच म्हातारे झाले. जगातली एवढी सगळी गोडी हरवलेली असूनही या माणसाने दुसरा ताडगोळा नको म्हटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

काकांचा खरा दिमाख असे तो उकडहंडीच्या दिवशी. आमच्या घाटावर हे प्रकरण नाही, म्हणून सांगते. वालपापडी भरली की थंडीत एका संध्याकाळी आळीतली सात-आठ घरं मिळून काकांच्या परसात हंडी लावतात. मातीच्या मडक्यात कंद, कोनफळ, रताळी, पापडी, छोटी वांगी, सगळ्याला हिरवं वाटण चोळून थरावर थर. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा, मडकं खड्ड्यात उपडं घालायचं, वरून पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवायचं. मग वाट बघायची. आत काय चाललंय ते दिसत नाही, ढवळता येत नाही, झाकण काढून बघता येत नाही. जे कळतं ते वासावरून. आधी पाल्याचा वास येतो, मग पापडीचा, आणि शेवटी कंदाचा. कंदाचा वास सुटला की हंडी काढायची. थोडं आधी काढली तर कंद घशाला खाजतो, जरा जास्त राहिली तर तळाचं सगळं करपून जातं.

आणि तो वास ओळखायचा मान काकांचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा होता. विस्तवापासून चार हातांवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते बसत. हात पोटावर, नाक वर. कोणी म्हणालं, झाली वाटतं, तर ते त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. त्यांचा एक पुतण्या होता समोरच्या घरात, त्याला फार घाई. तो म्हणायचा, "काका, मडक्यावर पाणी मारून बघू? चर्र वाजलं की झाली." काका म्हणायचे, "पाणी मारतात ते शिकाऊ." शेवटी एका क्षणी ते बोटाने खूण करत, "काढा आता." मडकं फुटे, वाफ उठे. मला कबूल करायला जिवावर येतं, पण हंडी बिनचूक झालेली असे. मग पहिला कंद नाकाशी, आणि तोच निकाल.

दोन-तीन हिवाळे असे गेले. मग एक नवीन पद्धत सुरू झाली. हंडी लागलेली असताना काकी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "चहा ठेवू का?" काका म्हणायचे, "नको. काढा आता." चहा काही यायचा नाही. थंडीत कुडकुडत बसलेल्या माणसांना चहा विचारायचा आणि स्वतःच नको म्हणायचं, याला काय म्हणावं? ह्यांना मी म्हटलंही, "किती तो चिकटपणा." हे म्हणाले, "आपण कंद खायला जातो की चहा प्यायला?" विषय संपला.

त्याच वर्षी आणखी एक झालं. कोळणीकडचे बोंबील काकांनी नेहमीसारखे हुंगून पास केले आणि आठवड्यात त्यांच्या डब्याला असा वास सुटला की आमच्या मागच्या खोलीतून मला नाकाला पदर लावावा लागला. मला फार बरं वाटलं. इतके दिवस मिरवलेलं नाक, त्याची ही किंमत, असं म्हणून मी त्या दिवशी ह्यांच्यासाठी भजी केली.

पण त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी मी नळावरून येत होते तर त्यांच्या घरातून दूध करपल्याचा वास. काकी परसात धुणं धूत होती. मी धावत आत गेले. काका ओट्याला टेकून खुर्चीवर पेपर वाचत होते. हाताच्या अंतरावर पातेलं करपत होतं. मी गॅस बंद केला. त्यांनी पेपर खाली केला, पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग घाईघाईने एक श्वास घेऊन म्हणाले, "हां. करपलं वाटतं."

ते 'वाटतं' मला खटकलं. मी परसात जाऊन काकीला सरळ विचारलं. तिने हातातला पिळा दगडावर ठेवला.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. "अॅसिडच्या खात्यात होते ना. पयले आमी बोललो, सर्दी हाय. मंग डॉक्टरला दाखवला. तो बोलला, आता नाय येणार."

"आणि चव?"

"तिखट कळते, खारट कळते. बाकी कंद खाल्ला काय नि पुठ्ठा खाल्ला काय, एकच." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "कोणाला बोलू नको. कंपनीत तेंना कोण विचारीत नाय. वाडी भावांच्या वाटण्यांत गेली, घर तेवढं रायलं. त्या एका दिवशी आळी तेंच्याकडं बघते. तेंचं एवढंच हाय."

तेव्हा मला चहाचा उलगडा झाला. कंदाचा वास सुटला की काकी दारात यायची.

इथे मला दया आली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. मला चीड आली. म्हणजे माझ्या जायफळाचा निकाल ठीक होता, तो मी मानते. पण त्यानंतरच्या पोळ्या? अळूवड्या? संक्रांतीची गुळाची पोळी, जिला हा माणूस ती चव नाय रायली म्हणाला? ज्याला सगळाच पुठ्ठा, तो कुठल्या तोंडाने नावं ठेवत होता? हरवलं ते त्याचं नाक, आणि दोष मात्र काकडीला, ताडाला आणि मला. मी काकीला शब्द दिला म्हणून गप्प बसले, नाहीतर दुसऱ्या दिवशी आळीभर केलं असतं.

पुढच्या थंडीत काकीच्या मुलीचं दुसरं बाळंतपण निघालं. तिच्या सासूला उठता येत नव्हतं, म्हणून काकी नालासोपाऱ्याला गेली आणि नेमकी त्याच आठवड्यात हंडी ठरली. काकांनी पुढे ढकलायला सांगून पाहिलं. पुतण्या म्हणाला, "कशाला? काकी काय हंडी काढते?" त्याच्या बोलण्यात जरा धार होती. बोंबलांची गोष्ट त्याच्याही कानावर गेली असावी. हंडी ठरल्या दिवशीच राहिली.

मी त्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. खोटं कशाला सांगू, मला बघायचं होतं.

हंडी लागली. पाल्याचा वास आला. थोड्या वेळाने पापडीचा आला. काका खुर्चीवर होते, हात पोटावर, नाक वर. पुतण्या पाण्याचा तांब्या घेऊन खड्ड्याजवळ उकिडवा बसला होता. गप्पा चालू होत्या. मग कंदाचा वास सुटला. इतक्या वर्षांत मलाही तो ओळखू येऊ लागला होता, भाजलेला, गोडसर, जरा मातकट. गप्पा थांबल्या. एकेक मान काकांकडे वळली.

काकांचं बोट हललं नाही.

पुतण्या म्हणाला, "काका?"

"घाई नको," काका म्हणाले.

पुतण्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि तांब्या उचलला. आता हा पाणी मारणार, चर्र वाजणार आणि वडलांपासून चालत आलेली ती खुर्ची सगळ्या आळीसमोर रिकामी होणार, हे मला दिसत होतं. याचसाठी मी आले होते. पण तेवढ्यात काकांनी मान वळवली. हंडीकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे. दार बंद होतं, बाहेरून कडी होती. ते त्या कडीकडे बघत राहिले. एवढा मोठा बाप्या, शाळा सुटल्यावर कोणी न्यायला आलं नाही की पोरं बघतात तसा बघत होता.

मला तो माणूस आवडत नव्हता. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, चहा ठेवू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की मला माहीत आहे. ते त्यांना मुळीच आवडलं नाही, हेही मला दिसलं.

"काढा आता," ते म्हणाले.

मडकं फुटलं. कंद लोण्यासारखा झाला होता. पुतण्याने तांब्या बाजूला ठेवला आणि पहिला कंद काकांना आणून दिला. काकांनी तो नाकाशी नेला, डोळे अर्धे मिटले, भुवया वर नेल्या. निकाल तोच लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, चहा विचारला ना? मंग ठेवा की."

मला उठून घरी जाऊन अख्ख्या आळीचा चहा करावा लागला. काकांनी कप नाकाशी नेला. "आलं जास्त पडलंय," म्हणाले. आभार मानणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी रागाने रिकामे कप गोळा केले. त्यांनी मात्र आणखी अर्धा कप मागून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. रात्रपाळीहून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दिवसकार्याला आळीतल्या बायकांनी त्यांच्या आवडीचं सगळं केलं होतं. मी वाढत होते. प्रत्येक ताटाशी कोणीतरी म्हणत होतं, छान झालंय.

थंडीत हंडी लागली. प्लॅस्टिकची खुर्ची कोणी आणली नाही आणि आणू नका असंही कोणी म्हटलं नाही. पुतण्या तांब्या घेऊन तयार होता. पाल्याचा वास आला, पापडीचा आला, मग कंदाचा सुटला. पुतण्या उठणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"चहा ठेवू का?"

सवयीने आली असावी काकी. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती दाराला धरून तशीच उभी राहिली. पुतण्या तांब्या हातात घेऊन थांबला. इकडे कंद करपायला लागला असता.

"ठेवा," मी म्हटलं. "आणि काढा आता."

मडकं फुटलं. काकीने खरंच चहा ठेवला. इतक्या वर्षांत त्या दारातून चहा आलेला मी पहिल्यांदा पाहिला. दूध कमी पडलं होतं, साखर घालायची तर ती विसरलीच होती. आम्ही सगळे तो तसाच प्यायलो. नावं ठेवायला कोणी नव्हतं.