बसऱ्याच्या पोरांची गाठोडी

पोलादपूरच्या डोक्यावर आंबेकोंड नावाची वाडी आहे. त्या वाडीत साळूबाई राहायची. बाई अंगानं किरकोळ, पण मान बघावी तर बैलाची. नवव्या वर्षापासून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन ती घाट उतरलेली आणि मीठ-तेल घेऊन तोच घाट चढलेली. नवरा मुंबईला गोदीत. घर, नाचणीचं शेत, दोन म्हशी आणि अख्ख्या वाडीची भांडणं तिच्या एकटीच्या जिवावर. भीडभाड ठाऊकच नाही. ओझ्याचा विषय निघाला की तिच्यापुढं कुणी ब्र काढायचा नाही. तिचं म्हणणं, पायथ्याशी जे पाच शेर असतं ते माथ्यावर मण होतं, आणि ज्यानं चढ पाहिला नाही त्यानं वजनाच्या गप्पा मारू नयेत.

तिचा एकुलता एक हैबती इंग्रजाच्या पलटणीत होता, समुद्रापलीकडं बसऱ्याला. रजेवर आला तेव्हा अंगणात आंघोळीला बसला, आणि साळूबाईला त्याच्या दोन्ही खांद्यांवरचे काळे वळ दिसले. तिनं विचारलं. तो म्हणाला, बंदूक, पाणी, सरकारी सामान, सगळं पाठीवर असतं. कूच लांबली की घरून आलेली भांडी, तसबिरी लोक रस्त्याच्या कडेला ठेवून देतात, आणि ठेवताना रडतात. साळूबाईला पलटण कळली ती एवढ्यावरच. बसरा कुठं, बगदाद कुठं, इंग्रजाचं तिथं काय अडलंय, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

सन वीसचं साल. मोठी लढाई संपून दोन वर्षं होत आली, तरी आपली पोरं तिकडंच. महाडच्या रावजीशेटनं हे मनावर घेतलं. शेट कापडाचा व्यापारी. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. महाड-पोलादपूरची बत्तीस पोरं बसऱ्याच्या मुलखात आहेत, त्यांना दिवाळीची भेट गेलीच पाहिजे, म्हणाला. नारळी पौर्णिमा झाली, दासगावच्या बंदरातून होड्या सुरू झाल्या, तशी त्यानं बत्तीस घरच्या बायांना दुकानात बोलावून भेटी दाखवल्या. पितळी तांब्या, पितळी चौकटीचा आरसा, काचेत मढवलेली देवाची तसबीर, लोणच्याची चिनी मातीची बरणी, अत्तराची कुपी, नवंकोरं धोतर. प्रत्येकाला असं एक गाठोडं. बाया नुसत्या बघत राहिल्या.

साळूबाईनं एक गाठोडं उचललं, डोक्यावर घेतलं, चार पावलं टाकली आणि खाली ठेवलं.

शेजारी तिच्याच वाडीतली ठमाबाई होती, तिचाही मुलगा पलटणीत. तिनं साळूबाईचा पदर ओढला. धर्माची गाय अन् दात का गो नाय, असं नको करू, म्हणाली. शेट रुसला तर पोरांना सुतळीचा तोडासुद्धा जायचा नाही. खरंच होतं ते, साळूबाईलाही कळत होतं. पण हैबतीच्या शेवटच्या पत्रात चालून चालून पाय फुटल्याचं होतं. एवढं एकच वाक्य, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. पोराला उपयोगी पडेल असं काही जावं, की त्याच्या पाठीवर आणखी एक ओझं, एवढाच प्रश्न होता.

"शेट," ती म्हणाली, "तुमचं मन सोन्याचं हाय. पन ह्ये गाठोडं पाठीला बांधून आमचा चढ चढून या. वर येईपर्यंत ज्ये पाठीवर ऱ्हाईल, त्येवढंच पोरांना धाडा."

शेटचा चेहरा लालबुंद झाला. भर दुकानात, बायामाणसांत, कुणी त्याला असं बोललं नव्हतं. दुसरा कुणी असता तर गाठोडी गुंडाळून आत गेला असता. रावजीशेट म्हणाला, येतो. आणि तोंडदेखलं नव्हे बरं, चौथ्या दिवशी गडी खरोखर पोलादपुरात बैलगाडीतून उतरला, धोतराचा काचा मारला आणि गाठोडं पाठीला बांधलं.

साळूबाईनंही तसलंच एक गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि त्यावर एक घोंगडी. घोंगडी तिची स्वतःची, हैबतीसाठी. काळ्या लोकरीची, जाडजूड. दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन तिनं ती धनगराकडून घेतली होती. तिकडं थंडी हाडं फोडते, असं पोरगं बोललं होतं.

पहिल्या वळणावर शेटनं लोणच्याची बरणी आंब्याखाली ठेवली. दुसऱ्यावर तांब्या गेला. पुढं आरसा, सरकार आरसाही देत नसेल होय, असं स्वतःशीच पुटपुटत. तसबीर मात्र हातून सुटेना. शेवटी वाटेवरच्या देवळीत ती उभी केली, हात जोडून माफी मागितली आणि गाठोड्यातलं नवं धोतरही तिथंच ठेवलं. मागून निम्मी वाडी चालत होती. जत्राच म्हणा ना! शेट माथ्यावर पोचला तेव्हा त्याच्यापाशी अत्तराची कुपी तेवढी उरली होती, आणि घामापुढं तिचंही काही चालत नव्हतं.

दगडावर बसून तो घटाघटा पाणी प्याला आणि मोकळेपणानं हसला. हरलो, म्हणाला, आता तू सांगशील तेच जाईल. मग त्याची नजर घोंगडीवर गेली.

"आणि ही गं, साळूबाई?"

खोचक नव्हतं विचारणं, साधंच होतं. पण साळूबाई जागच्या जागी थांबली. तिच्या मानेला घोंगडी काहीच नव्हती. ती दहा घोंगड्या घेऊन चढली असती. पण हैबतीच्या पाठीवर आधी सरकारचं ओझं, त्यावर ही. पावसात भिजली म्हणजे तर विचारूच नका. चार कोसांवर तीही रस्त्याकडेला पडणार, आणि ठेवताना पोरगं रडणार. तिनं घोंगडी उतरवली, नीट घडी केली आणि जमिनीवर ठेवली.

"ही बी नाय जायची," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. कुणी तिला समजवायला गेलं नाही. ठमाबाई नुसती शेजारी येऊन बसली.

मग गाठोडी बांधली गेली ती साळूबाईच्या अंगणात. बत्तीस घरच्या बाया चढून आल्या. प्रत्येकीनं आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून आपल्या पोरासाठी पायपट्ट्या केल्या. फुटलेल्या पायांना लावायला कोकमाच्या तेलाची डबी, उन्हात तोंडात धरायला मूठभर आमसुलं, सुई-दोरा, गुंड्या, खोबऱ्याची एक वाटी. बस्स. डब्या, गुंड्या आणि बोटीचा खर्च शेटचा. बांधलेलं प्रत्येक गाठोडं साळूबाई तळहातावर तोलून बघायची, आणि जड वाटलं की खोबरं अर्धं करायची. बाया कुरकुरल्या, पण तिनं कुणाचं ऐकलं नाही.

पौषात हैबतीचं पत्र आलं. पोलादपूरच्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं. एकदा ऐकून तिचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी पत्र पदरात बांधून ती सहा कोस चालत महाडला गेली आणि रावजीशेटच्या हातात ठेवलं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. शेटनं सगळ्यांना गप्प केलं आणि उभं राहून खणखणीत वाचलं:

"आपल्याकडील बत्तीसही जणांनी गाठोडी अखेरपर्यंत बरोबर बाळगली. माझे पाय बरे झाले. आमच्या सुभेदारसाहेबांनी माझे गाठोडे उघडून पाहिले व विचारले की, हे बांधणारा शिपाई कोणत्या पलटणीत होता? मी पुढे होऊन सांगितले, माझ्या आईने बांधले."

शेटनं पत्राची घडी घातली. कोपऱ्यातल्या एका परगावच्या गिऱ्हाइकानं विचारलं, कोण हो ही बाई? शेट सांगायला तोंड उघडतोय तोच साळूबाई पुढं झाली. पदर सारखा केला आणि ताठ मानेनं म्हणाली,

"मी हाय ती. आंबेकोंडची साळू."