बंद गिरणीचं गरम पीठ

बाळांनो, तुमच्यातल्या थोरलीने परवा फोनवर विचारलं, समाजात मोठी उलथापालथ होते तेव्हा सामाजिक मानवशास्त्राचा अभ्यासक नेमकं बघतो तरी काय, आणि नामांतराच्या वर्षांत तू काय बघितलंस, आजी? व्याख्या तिच्या पुस्तकांत असतील. मी गिरणीचं सांगते.

तेव्हा मी गंगाखेडजवळच्या एका गावात शाळेत इंग्रजी शिकवत होते. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि त्या पावसाळ्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या. आमच्याकडे जाळपोळ झाली नाही. "आपल्या गावात काई झालं न्हाई," असं लोक मिशीवर हात फिरवून सांगत. ते ऐकलं की मी तिथून उठून जायचे. कारण बौद्धवाड्यातली पोरं नामांतराच्या मोर्चाला जाऊन आली, त्या दिवसापासून त्या वाड्याला पीठ मिळत नव्हतं. कोणी काही जाहीर केलं नव्हतं. गिरणीत डब्यांची रांग असायची, आणि वाड्यातलं टोपलं त्या रांगेत पुढे सरकायचंच नाही, एवढंच. आमच्याकडे खुरपणीला येणारी एक बाई ज्वारी डोक्यावर घेऊन एसटीने गंगाखेडला जायची, तिथून दळून आणायची. जाणं जमलं नाही त्या दिवशी तिची लेकरं ज्वारीच्या घुगऱ्या खायची.

अशात मद्रासकडची, सामाजिक मानवशास्त्राची एक संशोधक मुलगी माझ्याकडे उतरली. मराठी तिला येत नव्हती, म्हणून मी दुभाषी. तिची पद्धत मला आवडली. ती म्हणायची, माणसं बोलतात ते ऐकायचं, पण करतात ते बसून बघायचं. आम्ही गिरणीत जाऊन बसलो. मालकाने बाज टाकली, चहा मागवला. खुरपणीवाली बाई तिथेच टोपलं घेऊन उभी होती. मालक स्वतः उठला आणि तिची ज्वारी सगळ्यांच्या आधी दळून दिली.

"सांगा यांना बाई," तो मला म्हणाला, "आपल्याकडं तसलं काई न्हाई. सगळे एका घरचेच."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तेवढ्यात रांगेतल्या पुढच्या बाईने आपल्या डब्यातले मूठभर दाणे गिरणीत टाकले, त्यांचं पीठ खाली जमिनीवर पडू दिलं आणि मगच नळीखाली डबा धरला. मुलीने कारण विचारलं.

"दुसऱ्याचं पीठ मिसळू ने म्हणून," मालक म्हणाला.

आधीही ज्वारीच होती, आताही ज्वारीच. मुलीने चहाचा कप खाली ठेवला.

खुरपणीवाली टोपलं उचलताना माझ्याकडे बघून हसली. "बाई, या पोरीला इथंच ठिवून घ्या. ही हाय तवर पीठ भेटंल."

मी तेही भाषांतर करून सांगितलं. मुलगी म्हणाली, "मग मी रोज येऊन बसते."

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप. "पट्टा तुटलाय," मालक म्हणाला. "परभणीहून आणावा लागंल." चेहऱ्यावर काळजी अशी, की कोणालाही खरी वाटावी. त्या दिवशी गावात ज्याला भेटावं तो पट्ट्याचंच दुःख सांगत होता.

आम्ही घरी परतलो तोच मालकाच्या घरून, आदल्या दिवशी गिरणीत दळायला ठेवलेला माझा डबा पीठ भरून आला. मी झाकण काढलं आणि मुलीचा हात धरून पिठात घातला. पीठ गरम होतं. पहाटेच, आम्ही झोपेत असताना, गिरणी चालवून घेतली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्या घरात प्रत्येक डब्याची जागा ठरलेली असायची. तो डबा कुठे ठेवावा ते मला सुचेना. त्या पिठाची भाकरी थापणं मला शक्य नव्हतं.

आम्ही तो डबा घेऊन बौद्धवाड्यात गेलो. खुरपणीवालीने पिठाला बोट लावून बघितलं.

"गरमच हाय की. तुटलेल्या पट्ट्याचं लय ग्वाड लागत आसंल."

"ठेवून घे," मी म्हटलं.

"नको. तुमचं पीठ घेतलं की ते मागून आणल्यावानी झालं. माझी ज्वारी हाय ना घरात. तीच दळून पायजे मला, गावात, माझ्या पाळीला." मग जरा नरमाईने, "राग मानू नका, बाई."

दुपारच्या एसटीने ती ज्वारी घेऊन गंगाखेडला निघाली. मुलगीही तिच्याबरोबर गेली. टोपलं वर चढवायला तिने हात लावला. मी स्टँडवर उभी होते, गरम राहिला नसला तरी डबा अजून माझ्याच हातात. बस ओढ्याच्या पुलापर्यंतही पोचली नसेल, तोच मागे गिरणीचं इंजिन पुक-पुक करत सुरू झालं, आणि घराघरातून बायका डबे घेऊन बाहेर पडल्या.