मुंगो बेयर्डची साक्ष

कोळशाची भट्टी पेटली की मुंगो बेयर्ड बारा-तेरा दिवस अंथरुणाला पाठ लावत नसे. रानात घराएवढा ओंडक्यांचा ढीग रचायचा, वर पानं, पानांवर माती, आणि आत आग कोंडून ठेवायची. आग जगली पाहिजे, पण भडकता कामा नये. कुठं माती खचून वारा आत शिरला, तर कोळशाच्या जागी राख. म्हणून दिवसरात्र ढिगावर चढून पायानं चाचपत फिरायचं, मऊ लागलं तिथं थयथया नाचून दाबायचं, वर फावडंभर माती टाकायची. बसायला एका पायाचं स्टूल. डोळा लागला की माणूस भुईवर.

मॅसॅच्युसेट्सला तो काही हौसेनं आला नव्हता. स्कॉटलंडात लढाई हरली, इंग्रजांनी धरलेल्यांना गुरांसारखं हाकललं, जे जगले त्यांना जहाजात कोंबलं, आणि इथल्या लोखंडाच्या कारखान्यानं सहा वर्षांसाठी विकत घेतलं. ती सहा वर्षं संपली तेव्हा दुसरं काही येत नव्हतं, म्हणून कोळसाच जाळत राहिला. चर्चचा कारभारी असलेल्या डीकन थर्लोच्या घरच्या मेहिटेबल नावाच्या मोलकरणीशी लग्न केलं. पहिला मुलगा पाच दिवसांत गेला, बाप्तिस्म्याविना. आता तीन महिन्यांची एल्स्पेथ होती, आणि तिची छातीही घरघरत होती.

मुंगोच्या गावी पोर जन्मलं की बापानं हातात धरून उभं राहायचं आणि पाद्रीनं पाणी लावायचं, एवढंच. इथं बाप्तिस्म्यासाठी आईबापांतलं एक तरी चर्चच्या मंडळीचं सभासद हवं. आणि सभासद व्हायचं तर देवाची कृपा आपल्यावर कधी, कशी झाली, याची साक्ष द्यायची. मेहिटेबल म्हणत होती, मी जाते. पण पोर बापानं धरायचं, ही गावची रीत मुंगोला सोडवेना. बोलावणं आलं ते नेमकं भट्टीच्या दहाव्या दिवशी, शब्बाथला, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या रविवारी.

बायकोला भट्टीवर ठेवून तो निघाला. तोंड तीनदा धुतलं, काजळी काही जाईना. दोन मैल चालून प्रार्थनाघरात शेवटच्या बाकावर टेकला. चार पायांचा बाक! दहा दिवसांत प्रथमच बुडाखाली न हलणारं काहीतरी आलं. पाद्रीबाबांचं प्रवचन तासभर चाललं असेल नसेल, मुंगो घोरायला लागला.

झोपणाऱ्यांना टोचायला नेमलेल्या माणसानं काठी बरगडीत खुपसली.

"माती! माती टाका!" मुंगो ओरडत उठला आणि दोन्ही पायांनी फळ्यांवर धडाधडा नाचू लागला.

पोरं खिदळली. एक म्हातारी किंचाळली. डीकन थर्लो पुढच्या बाकावरून वळून म्हणाला, "स्कॉट लोकांत कृपा पायातून चढते वाटतं."

पाद्रीबाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "उभाच आहेस, तर आता बोल."

मुंगोनं तोंड उघडायच्या आधीच थर्लोनं विचारलं, "शब्बाथला भट्टी विझवतोस का?"

"न्हाई. अशी विझत न्हाई ती."

"म्हणजे शब्बाथला काम करतोस."

"डीकनसाहेब, त्याच कोळशावर लोखंड वितळतं, त्याचाच तुमचा नांगर हाय. शब्बाथचा कोळसा येगळा काढून ठिवू का?"

मागं कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं. थर्लोचे कान लाल झाले.

"मुंगो," पाद्रीबाबा म्हणाले, "कृपा कधी जाणवली, ते सांग."

महिनाभर घोकलेलं सगळं पार पुसून गेलं होतं. मुंगो बाकाला धरून उभा राहिला.

"खरं सांगू, पाद्रीबाबा? जहाजात शेजारची मानसं मरत व्हती तवा देवाला लई हाका मारल्या. मग भट्टी आली. तवापासनं नुसता दमतोय. दमलेल्या मानसाकडं कृपा आली तरी त्याला कळायची न्हाई. आली बी आसंल. मी झोपलेला आसंन."

कुणी हसलं नाही. पाद्रीबाबांनी मान खाली घातली. वडीलधाऱ्यांची कुजबुज झाली, आणि थर्लोनं निकाल सांगितला, "हिवाळ्यात भट्ट्या नसतात. तेव्हा ये. जागा राहून ये."

रानात मेहिटेबल ढिगावर उभी होती, झग्याची किनार जळलेली, तोंड त्याच्याइतकंच काळं. पोर झाडाखाली टोपलीत.

"मंडळीत घेतलं का?"

"हिवाळ्यात ये म्हनले."

ती खाली उतरली नाही. फावडंभर माती टाकून म्हणाली, "हिवाळा तिला दिसंल का?"

मुंगोनं टोपलीत वाकून पाहिलं.

"आता मी जाते. बायांना समद्यांम्होरं बोलावं लागत न्हाई. पाद्रीबाबा घरीच ऐकून लिहून घेत्यात, मग तेच वाचून दावत्यात."

"पोर बापानं धरायचं असतं."

"तुझ्या गावात."

"आन् काय सांगशील?"

"थर्लोच्या घरी सात वर्सं जमीन घासली. बाया मालकिनीपाशी येऊन साक्षीची तालीम करायच्या. आदी आपन किती पापी ते सांगायचं, मग रडायचं, मग बायबलातलं येक वचन आठवायचं."

"खोटं बोलनार?"

"खोटं कशापायी? पयला गेला तवापासनं मी रोजच भ्यालेली हाय. त्यांना भ्यालेलं मानूस चालतं रं. दमलेलं चालत न्हाई."

मुंगो ढिगावर चढला. त्यानं तिच्या हातातलं फावडं घेतलं.

पाच आठवडे गेले. पोर खोकत होतं, पण होतं. दुसरी भट्टी पेटली. त्या शब्बाथला मेहिटेबल एल्स्पेथला पांढरी टोपी घालून एकटीच गेली, आणि दुपार कलल्यावर परत आली.

"झालं?"

"झालं."

"नाव नीट घेतलं?"

"एल्स्पेथ बेयर्ड. बाप म्हनून तुजं बी घेतलं."

"थर्लो काय म्हनला?"

"काय म्हननार? पाद्रीबाबांनी माजी साक्ष वाचली तवा त्याचीच बायको रडली."

मुंगोला हसू यायला हवं होतं. त्यानं तळहात विजारीला पुसले. पुसून काही फरक पडला नाही, तरी पुढं केले. "दे जरा."

ती पोर द्यायला वाकली, तेवढ्यात उत्तरेच्या अंगाला ढीग फसकन बसला आणि धूर उसळला.

"धर तिला, आलोच," तो म्हणाला, आणि फावडं घेऊन वर चढला.