वांग्याच्या पाच उपाशी ओळी

गवारीच्या बियांचं पीठ पाण्यात घोळलं की त्याला एक हिरवट, किंचित कडवट गंध येतो, आणि बोटांवर असा बुळबुळीत थर चढतो की साबणानंही तो लवकर सुटत नाही. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी रविवारी माझ्या हातांना हाच वास असे. कराडच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होतो, आणि या पिठाचा, युरिया पोटात धरून ठेवणारा घट्ट लगदा करण्याचं मला वेड लागलं होतं. मुळाशी पुरला की तो पाणी पिऊन फुगायचा आणि खत सावकाश, झाडाच्या भुकेप्रमाणे सोडायचा. कृष्णाकाठच्या उसातून पाटाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारं खत पाहिलं की माझं डोकं फिरायचं. हा घास भूमीच्या मुखात घालायचा, की ओढ्यात ओतायचा?

माण तालुक्यातल्या शेवंतामावशींनी वांग्याच्या दहा ओळी प्रयोगाला दिल्या. पाच ओळींना लगदा, पाच नुसत्या. पाणी सगळ्यांना सारखं, आठवड्यातून एकदा. त्याउपर थेंबही नाही, अशी मी ताकीदच दिली. महिन्याभरात लगद्याच्या ओळी तरारल्या आणि नुसत्या ओळींनी माना टाकल्या. काय हरखलो मी! पुण्याहून कृषी खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांना फरक पटला तर पुढल्या साली अख्ख्या वस्तीला लगदा मिळणार होता. न पटला तर काम तिथंच संपणार होतं.

परीक्षांमुळे मधले दोन रविवार मला जाता आलं नाही. पाहणीच्या दिवशी साहेबांना घेऊन बांधावर पोचलो, तर दहाच्या दहा ओळी हिरव्यागार! साहेबांनी उभ्याउभ्या पाहिलं, फरक काही दिसत नाही म्हणाले, चहा घेतला आणि गेले. एक मूळ उकरून पाहण्याचीही तसदी घेतली नाही त्यांनी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विचारल्यावर कळलं, साहेब येणार म्हटल्यापासून मावशींनी रोज हापशावरून घागरी वाहून नुसत्या ओळी भिजवल्या होत्या, वर चिमूट चिमूट युरियाही दिला होता. पाव्हण्यांपुढं वाळलेलं रान कसं दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न! माझी तीन वर्षं मातीत घातलीत, वस्तीचं नुकसान केलंत, असं मी त्या वयस्क बाईला तोंडावर म्हणालो. नको तेवढं बोललो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आवं सर, त्या वळी बी म्याच लावल्यात. तुमी उपाशी ठिवा म्हनला, ठिवल्या. पर रोज त्यांच्याम्होरनं मला जायाला लागत हुतं, तुमाला न्हाई."

काम बंद पडलं ते पडलंच. साहेबांचा राग मला आजही येतो, मनसोक्त येतो. पण त्याहून जास्त संताप माझाच येतो. मापं, नोंदी, तुलना या साऱ्या निर्मळ शब्दांच्या आड राहून मी दुसऱ्याच्या रानात उपासमार घडवत होतो, आणि ती रोज बघायची शिक्षा मात्र त्या बाईच्या वाट्याला दिली होती. हे तुम्हाला बघवेल का, असं त्यांना एकदाही विचारावंसं मला वाटलं नव्हतं.

पिंपात लगदा उरला होता. त्या दुपारी तो मी नुसत्या पाच ओळींच्या मुळाशी पुरत गेलो. मावशी घागर घेऊन मागून येत होत्या, प्रत्येक मुळाशी पाणी घालत.