सालेहानं पाय मागं घेतले

सालेहा ही भोकरच्या बाजारात कपडे शिवणाऱ्या मुनीबमियांची लेक. भूकंपानंतर निलंग्याकडचं एक गाव नव्या जागी वसवायला घेतलं, तेव्हा तिचा नवरा सरदार तिथं गवंडी म्हणून आला. घरं उभी राहिली तरी दोघं तिथंच राहिली. गावात बांगड्या भरणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून सालेहानं टोपली डोक्यावर घेतली. हात इतका मऊ, की काचेची बांगडी मनगटावर कधी चढली ते कळूही नये!

पहिल्याच लग्नघरी मात्र घोळ झाला. नवरीची आई साखराबाई हिरव्या बांगड्या भरून उठली आणि रीतीप्रमाणे बांगडीवालीच्या पाया पडायला वाकली. शिलाई मशीनजवळ वाढलेल्या सालेहाला ही रीत काय ठाऊक! आईच्या वयाची बाई पायाशी, आणि माथा टेकायचा तो तर फक्त अल्लापुढं. "तौबा तौबा!" म्हणत तिनं झटक्यात पाय मागं घेतले. मांडवात कुजबुज उठली. ऐन लग्नात बांगडीवालीनं आशीर्वाद नाकारला, याहून मोठा अपशकुन कोणता?

त्यानंतर तिच्या टोपलीकडं कुणी फिरकेना. सरदार म्हणाला, "चल, भोकरला जाऊ." पण सालेहाचा जीव या गावात गुंतला होता. ती रडवेल्या तोंडानं थेट साखराबाईच्या दारात गेली.

"मावशी, तुमचा मान न्हाई मोडला. मी घाबरले हो. तुमी मोठ्या, माझ्या पाया कशाला पडता?"

"अगं येडे, मग तवाच सांगायचं न्हाई व्हय? हितं मी अपशकुन टळावा म्हून देवाला नवस बोलून बसले!" साखराबाई खो खो हसली. "बरं, न्हाई पडत पाया. पर आशीर्वाद तर पायजे. मग कसं करायचं?"

सालेहानं तिच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"आगं, हे तर आमच्यात बी करतेत की!" साखराबाईनं हाका मारून अख्खी गल्ली गोळा केली. त्या दुपारी टोपली रिकामी झाली, तरी बायका हटेनात.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. सालेहाची लेक कहकशां डॉक्टरकीच्या क्लासला निघाली, तेव्हा म्हातारी साखराबाईही एसटीत चढून बसली. लातूर बघायची हौस, दुसरं काय! खोली भाड्यानं देणाऱ्या बाईनं सालेहाला विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

सालेहा तोंड उघडणार, तोच साखराबाई फणकारली, "मूळ कशाला इचारता? आमच्या गावात समद्यांचंच मूळ भूकंपानं उपटलं. पुन्यांदा रुजलो ते ह्या बाईसंगंच. खोली दावा, आमची पोरगी कवाची उभी हाय."